भाड्यातली ऊब

शारजातल्या अल नहदात आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. उन्हाळ्याच्या दुपारी बाल्कनीच्या काचेबाहेरचं सगळं हळूहळू पांढुरकं होत जायचं. आधी दुबईच्या हद्दीतल्या इमारती पुसल्या जायच्या, मग मधला रस्ता, मग खालचं पार्किंग. मुलगी जेवून एसीखाली झोपायची आणि मीही तिच्या अंगावर हात टाकून पडायचे. त्या घरघरीत डोळा लागता लागता मला हटकून वाटायचं की आपण अजून त्या दुसऱ्या घरात आहोत, खाली तळघरात बॉयलर चालू आहे आणि खिडकीबाहेर जे पांढरं आहे तो बर्फ आहे.

ते दुसरं घर अमेरिकेत होतं, उत्तरेकडच्या एका राज्यात, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्याच्या काठी. नवऱ्याला तिथं कॉम्प्युटरचं काम मिळालं होतं, म्हणून लग्नानंतर आम्ही पुण्याहून थेट तिथं गेलो. अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा ते दोन हजारचा वसंत, एवढाच काळ. एका वृद्ध विधवेच्या लाकडी घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. ती खाली एकटी राहायची. आमची मुलगी तिथंच जन्मली. मग नव्या शतकाच्या तारखा कॉम्प्युटरमध्ये बसवायचं काम संपलं, नवऱ्याची नोकरीही संपली आणि दुबईतल्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. भाडी परवडायची म्हणून आम्ही शारजात घर घेतलं. तो रोज सकाळी साडेसहाला निघायचा आणि तरीही कधीकधी उशिरा पोचायचा.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये नवऱ्याला कुठल्याशा कामासाठी जुन्या नोकरीचा दाखला हवा होता. शुक्रवार होता, म्हणून तो घरीच होता. माळ्यावरची सूटकेस काढून त्यानं अमेरिकेची सगळी कागदपत्रं हॉलमध्ये पसरली होती, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका चहाला आले.

काका मूळचे पुण्याचे. दुबईत ते एका अमेरिकन कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते आणि तिथल्या अमेरिकन साहेबांचे टॅक्सचे फॉर्म वर्षानुवर्षं तेच भरून द्यायचे. बायको पुण्यात मुलांच्या शिक्षणापायी राहिलेली, त्यामुळे शुक्रवारचा चहा त्यांचा आमच्याकडे ठरलेला. खाली पडलेला एक कागद त्यांनी उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नवऱ्याला म्हणाले, "अरे, हे नव्व्याण्णवचं स्टेटचं रिटर्न ना? मग भाड्याची ओळ कोरी का?"

"कसली ओळ?" नवरा म्हणाला.

"तुम्ही भाड्यानं राहत होता की नाही? मग रेंटर्स क्रेडिट का नाही घेतलं?"

त्या वर्षी राज्याकडून पासष्ट डॉलरचा रिफंड आला होता आणि तेवढ्यावर आम्ही खूश झालो होतो. घाईघाईत फॉर्म भरला होता, सामान बांधणं चालू होतं, बाळाला ताप होता. ती ओळ वाचल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

"हे बघ," काका माझ्याकडे वळले. आकड्यांचं काही सांगायचं झालं की ते नेहमी मलाच सांगायचे, कारण नवरा मध्येच घड्याळ बघायचा. "घराचा मालक सरकारला घरपट्टी भरतो. ती तो स्वतःच्या खिशातून भरतो का? नाही. तुमच्या भाड्यातून भरतो. म्हणजे भाड्याचा काही हिस्सा हा खरं तर तुम्ही भरलेला टॅक्सच. काही राज्यं म्हणतात, ठीक आहे, त्यातला थोडा भाग आम्ही तुमच्या इन्कम टॅक्समधून वजा करतो. तेच क्रेडिट."

"पण टॅक्स तर पगारातून आधीच कापला होता," मी म्हटलं.

"म्हणूनच तर. समज, टॅक्स ठरला हजार आणि कापला गेला हजार पासष्ट. पासष्ट परत आले. आता शंभराचं क्रेडिट लागलं की टॅक्स उरला नऊशे. कापलेले तर तेवढेच आहेत. मग परत किती?"

"एकशे पासष्ट."

"खलास!" काका खूश झाले. "मात्र टॅक्सच शून्य असता, तर या क्रेडिटचा एक छदामही हातात आला नसता. ते फक्त टॅक्स कमी करतं, वरून काही देत नाही. तुमचा टॅक्स होता, म्हणून तुम्हाला मिळेल. सुधारित रिटर्न पाठवायला अजून मुदत आहे. यल्ला, चला, घरमालकिणीचा दाखला मागवा, भाडं किती घेतलं त्याचा."

नवऱ्यानं मनातल्या मनात गुणाकार केला. "शंभर डॉलर म्हणजे तीनशे सदुसष्ट दिरहम. पावणेपाच हजार रुपये." मग तो हसला. "इथला घरमालक वर्षाच्या भाड्याचे चार चेक आगाऊ घेतो आणि वर भाडं वाढवतो. त्याचं क्रेडिट कोण देणार?"

"इथं टॅक्स नाही, तर क्रेडिट कशातून देतील?" काका म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसातून छापून आणलेला कोरा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर ठेवला. भाडं लिहायला दोन चौकटी होत्या. एकीवर लिहिलं होतं, हीट भाड्यात धरलेली. दुसरीवर, हीट भाड्यात न धरलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"तिथं घर गरम ठेवायचा खर्च मोठा. मालकानं तो भाड्यातच धरला असेल, तर भाड्याचा तेवढा भाग घरपट्टीसाठी नाही, बॉयलरच्या गॅससाठी आहे. म्हणून क्रेडिट कमी. गॅस भाडेकरू वेगळा भरत असेल, तर क्रेडिट जास्त. तुमच्या लीजमध्ये काय आहे?"

लीज माझ्या मांडीवरच होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: गॅसच्या बिलाचा अर्धा भाग भाडेकरू देतील.

"मग दुसरी चौकट," काका म्हणाले. "पंचवीस-तीस डॉलर जास्त मिळतील."

मी हो म्हटलं नाही. मुलगी शेजारी येऊन बसली होती, तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. "आई, व्हॉट इज धिस?"

"तुझ्या जन्माच्या घराचा कागद आहे."

"वॉज इट हॉट देअर?"

"नाही गं. खूप थंड होतं," मी म्हटलं आणि चहाचे कप उचलून आत गेले.

त्या दुपारी ती झोपली, पण मला झोप लागली नाही.

गॅसचं बिल आलं की घरमालकीण आमच्या वाट्याचा आकडा एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची. वर लहानसा दगड, चिठ्ठी उडू नये म्हणून. पहिल्या नोव्हेंबरची चिठ्ठी पाहून आम्ही घाबरलो. डिसेंबरची त्याहून मोठी होती. घर गरम किती ठेवायचं ते ठरवणारा खटका खालच्या बोळात होता आणि तो हलवायची मुभा आम्हालाही होती. आम्ही तो गुपचूप खाली ओढायला लागलो. म्हातारीला खाली लाकडाची शेगडी होती, तिचं भागत असावं. आम्ही दोन-दोन स्वेटर घालून बसायचो. मला सातवा महिना होता. नाकाचा शेंडा कायम गार असायचा आणि मला तेही आवडायचं. काचेवर बर्फाची पानं उमटायची. दुपारच्या उजेडात ती वितळून खाली वाहायची आणि संध्याकाळी पुन्हा नवी उगवायची. मी तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायचे. माहेराहून पत्र यायला तीन आठवडे लागायचे. त्या घरात आपण खरंच आहोत की नंतर कधीतरी ते आठवतोय, हेच कधीकधी कळायचं नाही.

मुलगी जानेवारीत झाली, पाच आठवडे आधी. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिचं वजन एखाद्या भाजीच्या पिशवीएवढं होतं. नर्सनं बजावलं होतं, खोली गरम ठेवा. आम्ही खटका थोडा वर केला. थोडाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेल्यावर घरमालकीण वर आली. तोवर ती फारशी वर येत नसे. हातात झाकलेलं भांडं होतं. ती आत आली, भांडं ठेवलं आणि तिनं भिंतीला हात लावला. मग खोली तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरला. मग माझ्या गालाला. मी शाल, स्वेटर आणि वर नवऱ्याचा कोट घालून बाळाला छातीशी धरून बसले होते. तिनं मला एकच विचारलं, "किती दिवस असं चाललंय?"

माझं इंग्रजी तेव्हा तुटपुंजं होतं. मी म्हटलं, "ठीक आहे. आम्हाला सवय आहे."

"तुम्हाला सवय कुठून असणार?" ती म्हणाली. "तुम्ही उन्हाच्या देशातली माणसं."

ती खाली गेली. थोड्या वेळानं भिंतीतल्या नळ्या खडखडायला लागल्या, जसं कुणी झोपेतून उठून आळस देतंय. दुपारपर्यंत खोली इतकी उबदार झाली की मी कोट काढला, मग स्वेटर काढला. बाळानं पहिल्यांदा मुठी उघडल्या. संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं, "खटक्याला आता मीच हात लावीन. तुम्ही लावायचा नाही."

आणि त्यानंतर पिवळी चिठ्ठी आली नाही. फेब्रुवारीत नाही, मार्चमध्ये नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही.

आमच्या ते लक्षात आलं होतं. फेब्रुवारी संपताना एकदा जेवताना नवरा म्हणाला, "या महिन्यात चिठ्ठी नाही आली." मी म्हटलं, "हो ना." एवढंच बोललो. दवाखान्याचं बिल हप्त्यांनी फेडत होतो. चिठ्ठी का येत नाही असं विचारलं असतं, तर कदाचित ती आली असती. म्हणून विचारलं नाही. निरोप घेतानाही नाही. तिनं मला मिठी मारली, बाळाच्या कपाळाला ओठ टेकवले आणि आम्ही टॅक्सीत बसलो.

आता सातव्या मजल्यावर, बाहेर पंचेचाळीस अंश तापलेलं असताना, एक सरकारी फॉर्म मला विचारत होता की हीट भाड्यात होती का.

मी घरमालकिणीला पत्र लिहिलं. दाखल्याचा फॉर्म सोबत जोडला. भाड्याचा आकडा आणि महिने मी भरले. हीटची चौकट कोरी ठेवली आणि पत्रात लिहिलं, "ही चौकट तुम्हीच भरा." यापेक्षा जास्त लिहायचं धाडस झालं नाही. इथं घरी टपाल येत नाही, म्हणून उत्तराचा पत्ता नवऱ्याच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सचा दिला.

जुलै गेला. ऑगस्टच्या शेवटी नवरा संध्याकाळी एक लिफाफा घेऊन आला. मालकिणीनं घर विकलं होतं आणि ती मुलीकडे, शेजारच्या गावात राहायला गेली होती. आमचं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरून तिला पोचलं होतं. दाखल्यावर तिची थरथरती सही होती, खाली मुलीकडचा फोन नंबर होता. आणि हीट भाड्यात होती का, या प्रश्नापुढे तिनं "नाही" वर खूण केली होती.

काकांनी दाखला पाहिला. "झालं मग. लीज म्हणतं नाही, मालकीण म्हणते नाही. दुसरी चौकट."

"पण काका, तिनं वर्षभर आमच्याकडून गॅसचा एक पैसा घेतला नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं, चिठ्ठीचं, खटक्याचं, आम्ही न विचारल्याचं. नवरा बाल्कनीच्या दारात पाठमोरा उभा होता. काकांनी चष्मा काढून पुसला. "कागदावर तुझी चूक निघणार नाही," ते म्हणाले. "पण फॉर्म खरं काय झालं ते विचारतोय. वेगळे पैसे दिले नाहीत, म्हणजे ती भाड्यातच आली." मग म्हणाले, "तिला फोन कर. आधी तिचं ऐकून घे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिच्या सकाळी, मी वीस दिरहमचं फोन कार्ड खरवडलं. रिंग वाजत राहिली. मग तोच आवाज, जरासा लांबून, जणू मधे सगळं वाळवंट आणि समुद्र सावकाश ओलांडत येणारा.

मी कोण ते सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "बाळ कसं आहे?"

"बाळ आता मला इंग्रजी शिकवतं," मी म्हटलं. ती हसली. मग मी विचारलं, "तुम्ही त्या कागदावर नाही असं का लिहिलंत?"

"कारण भाड्यात नव्हती. लीज मीच टाईप केलं होतं, मला आठवतंय."

"पण तुम्ही आमच्याकडून पैसे घेतले नाहीत."

"ते मी भाड्यात दिलं नव्हतं. बाळाला दिलं होतं. बाळाला दिलेली भेट भाड्यात धरतात का?"

कार्डावरची मिनिटं संपत होती. मी एकदम म्हणून टाकलं, "चिठ्ठी बंद झाली हे आम्हाला कळलं होतं. आम्ही मुद्दाम विचारलं नाही. मला याची फार लाज वाटते."

 

"मला माहीत होतं की तुम्हाला कळलंय," ती म्हणाली. "तुझा नवरा महिनाअखेरीला जिन्यात थांबायचा. पहिल्या पायरीकडे बघायचा आणि वर जायचा. मी दाराआडून बघायची. मनात म्हणायची, विचारू नकोस रे बाबा. विचारलंस तर मला आकडा सांगावा लागेल, आणि तुम्ही पुन्हा तो खटका खाली ओढाल."

मी रडत होते हे तिला कळलं असावं, कारण तिनं विषय बदलला आणि आमच्याकडे आता किती गरम आहे ते विचारलं. मी सांगितलं तेव्हा तिला फॅरनहाइटमध्ये करून सांगावं लागलं. "बाप रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या कागदावर तुला जे खरं वाटतं ते लिही. दुसरा फॉर्म पाठव, मी पुन्हा सही करीन. मला इथं दुसरं काम तरी काय आहे?"

गॅसचे पैसे पाठवू का असं मी विचारायला गेले, तर तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "पैसे नकोत. एक फोटो पाठव."

फोन ठेवला तेव्हा नवरा सोफ्याच्या टोकाला बसला होता. त्याला बरंचसं ऐकू गेलं होतं. "मी जिन्यात थांबायचो ते तिला दिसत होतं?" त्यानं विचारलं. "हो," मी म्हटलं. तो उठून मुलीपाशी गेला आणि तिच्या रंगाच्या पेटीतले खडू एकेक करून नीट लावत बसला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही काकांना घेऊन उम्म अल कुवैनला गेलो. तिथला किनारा तेव्हा फार शांत असायचा. भरती ओसरलेली, उथळ पाण्यात पांढरे बगळे आपल्याच सावलीवर उभे, आणि आकाश आणि पाणी यांच्यामधली रेघ दमट हवेत हरवलेली. मुलगी पाण्यातून चालत गेली तर जणू ती हवेतच चालली होती. काकांनी फोटो काढले. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते आणि म्हणत होते, "अगं, तिला इकडे बघायला सांग." ती इकडे बघतच नव्हती.

नव्या दाखल्याबरोबर तोच फोटो आम्ही पाठवला, मुलगी पाठमोरी असलेला. दाखला सहीनिशी परत आला. हीटपुढे या वेळी "होय" होतं, आणि समासात तिच्या अक्षरात, "आग्रहाखातर". रिटर्नला जोडायला काकांनी तो समास झाकून फोटोस्टॅट काढला. पहिल्या चौकटीत मी स्वतःच्या हातानं भाड्याचा आकडा लिहिला, काकांनी क्रेडिटचा हिशोब तपासला आणि सुधारित रिटर्न रवाना झालं.

रिफंडचा चेक डिसेंबरात आला. शहाऐंशी डॉलर आणि काही सेंट. बँकेनं वटवायला सहा आठवडे घेतले आणि स्वतःचं कमिशन कापलं. हातात दोनशे साठ दिरहम पडले. "म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आत," नवरा म्हणाला. त्याच आठवड्यात शारजाच्या घरमालकानं भाडं वाढवल्याची नोटीस दारावर चिकटवली होती, त्यामुळे ते पैसे कुठे गेले ते वेगळं सांगायला नको.

त्याच सुमाराला घरमालकिणीचं एक पार्सल आलं. आत लाल लोकरीची विणलेली टोपी होती आणि चार ओळी. फोटो छान आहे, पण मुलीचं डोकं उघडं का? समुद्राच्या वाऱ्यात असं उघडं डोकं चालत नाही. तिला हे सांगून काही उपयोग नव्हता की आमच्याकडे जानेवारीतही लोक हाफ शर्टात फिरतात. मुलीला मात्र टोपी इतकी आवडली की ती काढायला तयार होईना. दुपारी मी जेवणाची भांडी आवरून खोलीत आले, तर ती एसी अगदी गार करून, टोपी कानांपर्यंत ओढून पलंगावर बसली होती.

"आई, नाऊ इट इज कोल्ड," ती समाधानानं म्हणाली. "नाऊ कम."

मी दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी पांघरुणात शिरले.